दोन्ही सोडेच, दोन्ही आम्लारीच. मग रंग मोरीत का गेला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही सुटायला नको. घरी सुती दुपट्टे रंगवायला तुम्ही कोल्ड ब्रँडचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणले, म्हणजे न तापवता सुताशी बंध बांधणारे. पाकिटावर सोडा अ‍ॅश घालायला सांगितलं होतं. तो मिळाला नाही, म्हणून खाण्याचा सोडा घातला, आणि कमी पडू नये म्हणून दुप्पट घातला. रात्रभर भिजवूनही धुताना सगळा रंग मोरीत गेला. दोन्ही आम्लारीच, दोन्हीत सोडियमच, मग असं का? शाळेत शिकलो की आम्लारी म्हणजे पाण्यात हायड्रॉक्साइड देणारा पदार्थ, पण या सोड्यांच्या सूत्रात हायड्रॉक्साइड आहे कुठे? मग सरळ कास्टिक किंवा पानाचा चुना घालू का? आणि शेवटचं, त्याच पातेल्यात रेशमी ओढणी टाकली तर चालेल का?

इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या कामात माझी तीस वर्षं गेली, त्यातली बरीच प्रयोगशाळेत. तुम्ही विचारताय ते पावडरीबद्दल, पण अडचण पावडरीची नाही. ‘आम्लारी’ हा शब्द ऐकला की आपण त्याला डब्यावरचं लेबल समजतो: हा आम्लारी, तोही आम्लारी, म्हणजे एकाच्या जागी दुसरा चालेल. खरं तर आम्लारी हे पदार्थाचं वागणं आहे. समोर कोण आहे आणि आपला जोर किती, यावर ते ठरतं. तुमच्या पातेल्यात खाण्याचा सोडा आम्लारीसारखाच वागला, पण सुताकडून जे काढून घ्यायचं होतं ते काढण्याइतका त्याचा जोर नव्हता.

काय काढून घ्यायचं होतं, ते आधी बघू. सूत म्हणजे सेल्युलोज. त्याच्या साखळीतल्या प्रत्येक कडीवर तीन ठिकाणी ऑक्सिजनला हायड्रोजन चिकटलेला असतो. हा हायड्रोजन जागेवर आहे तोवर सुताला रंगाशी देणंघेणं नसतं. आम्लारी त्या ऑक्सिजनवरून हायड्रोजन ओढून नेतो, पण त्याचा इलेक्ट्रॉन मात्र मागेच राहतो. इलेक्ट्रॉनाविना गेलेला हायड्रोजन म्हणजे प्रोटॉन. मागे उरलेल्या ऑक्सिजनवर ऋण भार येतो आणि तो आपल्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीने रंगाच्या रेणूला पकडतो. कोल्ड ब्रँडच्या रंगात त्यासाठी अणूंचं एक कडं असतं, त्यावर क्लोरीन असतो. सुताचा ऑक्सिजन त्या क्लोरीनची जागा घेतो आणि पक्का बंध तयार होतो. म्हणून हे रंग एरवी धुण्यात जात नाहीत, कारण रंग धाग्यावर बसलेला नसतो, धाग्याचा भागच झालेला असतो. आयसीआय या इंग्लिश कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन या दोघांनी ही वाट शोधली आणि १९५६ मध्ये प्रोसिऑन नावाने हे रंग बाजारात आले. तोपर्यंत सुताशी असा बंध बांधणारा रंग बाजारात नव्हता.

आता तुमच्या ‘हायड्रॉक्साइड कुठे आहे’ या प्रश्नाकडे येतो, कारण उत्तराचा गाभा तिथेच आहे.

शाळेतली व्याख्या स्वीडनच्या अर्‍हेनियसची, १८८० च्या दशकातली. ती चुकीची नाही, अपुरी आहे. कास्टिक सोड्यात हायड्रॉक्साइड आधीच आहे, पाण्यात तो सुटा होतो, तिथे ती व्याख्या चपखल बसते. पण अमोनिया घ्या. त्यात ऑक्सिजनच नाही, तरी त्याच्या द्रावणात लाल लिटमस निळा होतो. उलट अल्कोहोलच्या सूत्रात ओएच दिसतो, पण तो कार्बनला घट्ट बांधलेला असल्याने सुटा होत नाही, आणि लिटमस आहे तसाच राहतो. सूत्रातली अक्षरं बघून आम्लारी ओळखता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून कळतं. १९२३ मध्ये डेन्मार्कमध्ये ब्रॉनस्टेड आणि इंग्लंडमध्ये लाउरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सोपी व्याख्या दिली: जो प्रोटॉन देतो तो आम्ल, जो घेतो तो आम्लारी. अमोनियातल्या नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती पाण्याच्या रेणूतला प्रोटॉन घेते, आणि प्रोटॉन गमावलेलं पाणी म्हणजेच हायड्रॉक्साइड. तो अमोनियाच्या पोटातून आलेला नसतो, पाण्याचा असतो. त्याच वर्षी अमेरिकेत लुईस यांनी आणखी व्यापक विचार मांडला, की इलेक्ट्रॉनांची जोडी पुढे करतो तो आम्लारी. माझ्या रोजच्या कामाला ब्रॉनस्टेड पुरतो. मात्र सुताचा ऑक्सिजन रंगाला पकडतो तो क्षण समजायला लुईसची नजर लागते.

सोडा अ‍ॅश म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेट पाण्याकडून एक प्रोटॉन घेतो आणि स्वतः बायकार्बोनेट होतो. पाण्यात हायड्रॉक्साइड उरतो आणि पीएच ११ च्या वर जातो. (पीएच म्हणजे आम्ल-आम्लारीचा जोर सांगणारा आकडा: ७ ला मधोमध, त्याच्या वर आम्लारी. शेतीच्या पुस्तकांत त्याला सामू म्हणतात. ही मोजपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत आखली.) सोडियमचा या सगळ्यात काहीच वाटा नाही, तो बाजूला उभा असतो. मिठातही सोडियम आहेच की.

खाण्याचा सोडा म्हणजे बायकार्बोनेट, म्हणजे एक प्रोटॉन आधीच घेऊन बसलेला कार्बोनेट. तो आणखी एक घेऊ शकतो, पण घेतलेला देऊही शकतो. लिंबू पिळलंत की तो प्रोटॉन घेतो, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, तिथे तो आम्लारी. कास्टिकच्या द्रावणात टाकलात तर तो आपला प्रोटॉन देऊन कार्बोनेट होतो, तिथे तो आम्ल. एकच पावडर, समोरचा बदलला की भूमिका बदलली. देण्याची आणि घेण्याची ओढ अशी दोन्हीकडून असल्यामुळे त्याच्या द्रावणाचा पीएच ८.३ च्या आसपास अडकून राहतो. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो प्रमाणावर जवळजवळ अवलंबून नसतो. चमचाभर टाका नाहीतर वाटीभर, पीएच तिथेच. दुप्पट घालून काही झालं नाही याचं कारण हे.

८.३ आणि ११ यांत फरक किरकोळ वाटेल. पण या मोजपट्टीत एक घर पुढे गेलं की दहापट होते. २.७ घरं म्हणजे सुमारे ५०० पट. सोडा अ‍ॅशमध्ये सुताच्या जितक्या जागा प्रोटॉन सोडून तयार होतात, त्याच्या पाचशेव्या भागाइतक्या तुमच्या पातेल्यात झाल्या. सोडा अ‍ॅशमध्येसुद्धा एका वेळी तयार असलेल्या जागा थोड्याच असतात, पण एक जागा रंगाला बांधली गेली की दुसरी तयार होते आणि तासाभरात काम उरकतं. तुमच्याकडे तासाभराचं काम रात्रभरात मार्गालाही लागलं नाही.

हा धडा मी स्वतः फार महाग शिकलोय. नोकरीच्या दुसर्‍या की तिसर्‍या वर्षी गडद नेव्ही ब्ल्यूचा एक लॉट जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रावर, होता. धुलाईत रंग थांबेचना, पाणी शाईसारखं वाहत होतं. मी रंगाच्या डब्याला दोष देत होतो. आमचे डाईंग मास्तर काही न बोलता सोड्याच्या पोत्याजवळ गेले, चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवली आणि आम्लारीत गुलाबी होणार्‍या फिनॉल्फथॅलिनचा थेंब टाकला. सोडा अ‍ॅश असता तर गर्द गुलाबी झालं असतं. ते जेमतेम फिकं झालं. छपाई खात्याचं बायकार्बोनेटचं पोतं आमच्याकडे आलं होतं, चिठ्ठीवर नुसतं ‘सोडा’ लिहिलेलं. ती चिठ्ठी मीच लिहिली होती. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या कुणालाही मी नुसतं ‘सोडा’ लिहू दिलं नाही.

छपाई खात्यात बायकार्बोनेट का होतं, हेही सांगण्यासारखं आहे, कारण तुमच्या अडचणीवरचा उपाय त्यातच आहे. छपाईची पेस्ट दिवसभर टिकावी लागते. सोडा अ‍ॅश घातला तर रंग पेस्टमध्येच पाण्याशी जुळून वाया जाऊ लागतो. बायकार्बोनेट थंडीत शांत बसतो. मग छापलेलं कापड वाफेत जातं. उष्णतेने दोन बायकार्बोनेट मिळून एक कार्बोनेट होतो, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, पीएच चढतो आणि रंग नेमका कापडावर असताना पकडला जातो. म्हणजे ‘खाण्याच्या सोड्याने रिअ‍ॅक्टिव्ह रंग बसत नाही’ असं सरसकट म्हणणंही चूकच. थंड पातेल्यात बसत नाही, वाफेत बसतो.

हेच तुम्ही घरी करू शकता. खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवा. ओव्हन नसेल तर लोखंडी किंवा स्टीलच्या कढईत मंद आचेवर परता. पावडर उकळल्यासारखी हलते, ते बाहेर पडणारे वायू. हलणं थांबलं तरी थोडा वेळ परतत राहा. झालं की नाही हे वजनाने कळतं: १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरले की तो सोडा अ‍ॅश झाला. ७५ उरले असतील तर अजून बराच बाकी आहे. परतताना खिडकी उघडी ठेवा, धूळ नाकात गेली तर चुरचुरते. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं मात्र घेऊ नका, ना परतायला ना रंगवायला. आम्लारी द्रावण अ‍ॅल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो.

घरात तपासायला हळद पुरेल का, असं तुम्हाला वाटेल. हळद आम्लारीत लाल होते हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. हळदीत चुना मिसळून कुंकू करायची जुनी रीत त्यावरच उभी आहे. पण हळद साधारण ८ च्या पुढेच रंग बदलू लागते, त्यामुळे ती ‘आम्लारी आहे’ एवढं सांगते, जोर किती हे नीट सांगत नाही. त्यापेक्षा जांभळा कोबी चिरून गरम पाण्यात ठेवा आणि ते पाणी वापरा. खाण्याच्या सोड्यात ते निळसर होतं, सोडा अ‍ॅशमध्ये हिरवं, कास्टिकमध्ये पिवळं. तिन्ही जोर एका भाजीत दिसतात.

आता कास्टिक आणि चुना. जोर हवा तर सगळ्यात जोरदारच का नको, हा तर्क स्वाभाविक आहे. नको, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं, रंगाला सुताइतकंच पाणीही चालतं. जोर फार झाला की द्रावणातले हायड्रॉक्साइडच सुताआधी रंगाला गाठतात. असा पाण्याशी बांधला गेलेला रंग कायमचा निकामी. तो धाग्यात नुसता अडकतो आणि पुढच्या दहा धुण्यांत थोडा थोडा सुटत राहतो. म्हणजे ८ ला रंग बसत नाही, १३ ला रंग नासतो. कोल्ड ब्रँडला १०.५ ते ११ च्या आसपासचा पट्टा मानवतो.

दुसरं कारण साठ्याचं. मला ते जोरापेक्षाही महत्त्वाचं वाटतं, आणि पुस्तकात ते फार दुर्लक्षित राहतं. लिटरभर शुद्ध पाण्यात कास्टिकचा जेमतेम दशांश ग्रॅम टाकला तरी पीएच ११ च्या वर जातो. सोडा अ‍ॅश तिथे पोचायला काही ग्रॅम लागतात. मग कास्टिकच स्वस्त नाही का? नाही. कारण रंग सुताला बांधला जाताना क्लोरीन सुटतो आणि त्याबरोबर आम्ल तयार होतं. तो दशांश ग्रॅम ते आम्ल शमवण्यात लगेच संपतो आणि पीएच कोसळतो. सोडा अ‍ॅशमधले बहुतेक कार्बोनेट अजून मोकळेच असतात. जसं आम्ल तयार होईल तसे ते प्रोटॉन उचलत राहतात आणि पीएच फारसा हलत नाही. जोर किती आणि साठा किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोठ्या कारखान्यात सोडा आणि कास्टिक मिसळून वापरतात, पण तिथे मोजून थोडं थोडं सोडणारा डोसिंग पंप असतो आणि पीएच मीटर लावून माणूस उभा असतो.

चुन्याची गोष्ट आणखी वेगळी. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे जोर भरपूर. पण लिटरभर पाण्यात तो दोन ग्रॅमही विरघळत नाही, त्यामुळे साठा तोकडा. शिवाय त्यातलं कॅल्शियम कापडावर पांढरट थर धरतं आणि रंगात गाठी होतात. पाण्यात विरघळणार्‍या आम्लारीला अल्क म्हणतात, हे शाळेत शिकलेलं इथे उपयोगी पडतं. तांब्याचा ऑक्साइडही आम्लारीच आहे, आम्ल शमवतो, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून लिटमसलाही त्याचा पत्ता लागत नाही.

आणि कास्टिक घरात आणूच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते कातडी नुसती जाळत नाही, त्वचेतली चरबी आणि प्रथिनं विरघळवत आत जातं. सुरुवातीला दुखतही नाही, नुसतं बुळबुळीत लागतं. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवायचो: पाण्यात कास्टिक टाकायचं, कास्टिकवर पाणी कधीच नाही. डोळ्यात उडालं तर व्हिनेगर-लिंबू शोधत बसायचं नाही, वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान १५ ते २० मिनिटं धुवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

प्रमाणाबद्दल सांगतो, पण यात जर-तर आहेत. तुमचे रंग खरंच कोल्ड ब्रँडचे असतील तर लिटरला ५० ग्रॅम मीठ, फिक्या छटेला १० आणि गडदला २० ग्रॅम सोडा अ‍ॅश, हे माझं ठरलेलं माप. हॉट ब्रँडचे असतील तर तेवढ्याच सोड्यात ८० अंशांपर्यंत तापवावं लागेल, थंडीत ते जागे होत नाहीत. बोअरचं जड पाणी असेल तर सोड्याचा काही भाग त्यातलं कॅल्शियम खाऊन टाकतं. दुकानात ‘धुण्याचा सोडा’ मागितलात आणि पावडर मिळाली, तर तो बहुधा सोडा अ‍ॅशच असतो. पण मोठे पारदर्शक खडे मिळाले तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. मग २.७ पट घ्यावा लागतो.

क्रमही सांभाळा. आधी रंग आणि मीठ घालून अर्धा तास कापड हलवत राहा. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, पण बंध अजून होत नसतो, त्यामुळे रंग एकसारखा पसरायला वेळ मिळतो. मग सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन हप्त्यांत घाला, आणि कापडावर थेट ओतू नका, नाहीतर तिथे डाग धरतो. सोडा पडला की घड्याळ सुरू झालं. पुढचा तासभर अधूनमधून हलवत राहा. नंतर आधी थंड, मग कडकडीत पाण्यात साबण घालून धुवा.

तुमच्या वाहून गेलेल्या दुपट्ट्यांचं काही बिघडलेलं नाही. सूत तसंच आहे, पुन्हा रंगवता येईल. आता उरलेल्या रंगाच्या पाण्याचं. सोडा घातल्याला दोन-चार तासच झाले असते तर त्यातच सोडा अ‍ॅश घालून बघायला सांगितलं असतं. दोन-तीन दिवस उलटले असतील तर त्यातला किती रंग पाण्याशी जुळून गेला असेल ते सांगता येत नाही. नवा रंग घ्या.

राहिली रेशमी ओढणी. सोडा अ‍ॅशच्या पातेल्यात ती टाकू नका. रेशीम म्हणजे प्रथिन, आणि जोरदार आम्लारी प्रथिनाची साखळी तोडतो. लोकर तर त्याहून नाजूक. रेशमाची चमक जाते, धागा कडक होतो. पण रेशमात एक सोय आहे जी सुतात नाही. त्याच्या साखळीवर अमोनियासारखे नायट्रोजन असतात, आपली मोकळी इलेक्ट्रॉन जोडी घेऊन आधीच बसलेले. म्हणजे रेशमाच्या अंगातच थोडा आम्लारीपणा आहे. त्याच्याकडून प्रोटॉन हिसकावायला इतका जोर लागत नाही, द्रावण किंचित आम्लारी असलं तरी पुरतं. म्हणून वेगळं पातेलं घ्या, तोच रंग घ्या, पाणी कोमट ठेवा, आणि दुपट्ट्यांना न चाललेला तुमचा तो उरलेला खाण्याचा सोडा यात घाला. छटा सुतावर येते तशीच येणार नाही, थोडी वेगळी दिसेल. आधी कडेच्या एका तुकड्यावर करून बघा.